शनिवारचं तेल

रविवार, ८ जानेवारी १९५६

गिरणी सुरू होऊन दोन महिने झाले आणि इंजिन अजून फुटलेलं नाही, म्हणून आज लिहायला बसलो. बकुळा म्हणते, बाकीची माणसं आनंद झाला की पेढे वाटतात, तुम्ही भीती कमी झाली की घाम पुसता. खरं आहे ते. कापडगिरणीतली कारकुनी सोडून घोडपदेवात पिठाची गिरणी टाकायचं धाडस माझं नव्हेच, तिचं. मी फक्त नाही म्हणायला घाबरलो.

विजेची जोडणी मिळेल तेव्हा मिळेल, तोवर जुनं डिझेल इंजिन घेतलं. चाळीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते बसवलंय. त्याच्या धुराचा नळ भिंतीवरून चढत आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी येऊन संपतो. कुशाबा मिस्त्रीने गंज धरू नये म्हणून इंजिनाला शेंदरी रंग दिला, तेव्हापासून मी त्याला मारुती म्हणतो. घरात ते नाव इतकं रुळलं की सकाळी बकुळा चहा देताना विचारते, "मारुतीला तेल घातलंत का?" म्हणजे वंगण. माझी आत्या, सुंदराबाई, लहानपणापासून माझी आईच, ती एकदा आमचं बोलणं ऐकून हसली नाही. उलट इंजिनाकडे बघून तिने हात जोडले.

मंगळवार, १७ जानेवारी

मुंबई महाराष्ट्राला नाही, दिल्लीच्या हाताखाली राहणार, असं काल रात्री रेडिओवर सांगितलं. सकाळपासून सगळं बंद आहे. लालबागच्या बाजूने आरोळ्या ऐकू येतात, 'झालाच पाहिजे, झालाच पाहिजे', मग फटाके वाजावेत तसा आवाज येतो, आणि मग काहीच ऐकू येत नाही. ते काहीच न ऐकू येणं मला सोसत नाही.

दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी अश्रुधूर सोडला. बकुळा गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढत होती. डोळे चुरचुरत आत आली आणि खोकत बसली. मी गिरणी बंदच ठेवली आहे. इंजिनाचा आवाज ऐकून पोलीस आत आले तर काय सांगायचं?

शनिवार, २१ जानेवारी

संचारबंदी. आत्या सकाळपासून रडते आहे. दर शनिवारी नाक्यावरच्या मारुतीला तेल घालायचा तिचा नेम आहे, मी शाळेत जायचो तेव्हापासूनचा. मी म्हटलं, "आत्या, गोळी लागली तर मारुती काय करील?" ती म्हणाली, "असां बोलू नको रे झिला."

दुपारी ती शेडमधून येताना दिसली. हातात रिकामी वाटी, चेहरा शांत. "घातलंय मारुतीक त्याल," म्हणाली. शेडमध्ये कॅलेंडरवरचा मारुती आहे, त्याच्यापुढे वाहिलं असेल. मी विचारलं नाही. बाहेर माणसं मरतायत, त्यात म्हातारीच्या देवाची चौकशी कोण करतो?

बकुळाचा खोकला थांबलेला नाही. अश्रुधुराचा आहे, जाईल.

रविवार, २९ जानेवारी

काल गिरणी पुन्हा सुरू केली. लोकांना पीठ हवंच आहे, डबे घेऊन रांग लागली होती.

एक गंमत. काल संध्याकाळी आणि आज सगळ्या चाळीत तळणाचा वास. मी बकुळाला म्हटलं, शेजारच्या शैलाबाईंकडे भजी दिसतायत. थोड्या वेळाने शैलाबाईच दारात उभ्या, "बकुळाताई, भजी केलीत आणि आम्हाला विसरलात होय?" दोघी हसल्या. हसता हसता बकुळाला जी उबळ आली ती थांबेचना. शैलाबाई दोन पावलं मागे सरल्या. मी ते पाहिलं. बकुळानेही पाहिलं.

सोमवार, ६ फेब्रुवारी

चाळीतल्या बायका माझ्याशी सरळ बोलत नाहीत. पापडांवर काजळी, धुण्यावर काजळी. चुलीची काजळी झटकली की जाते, ही बोटाला चिकटते. साबणाने पसरते आणि डाग आणखी मोठा होतो. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट तर डांबर फासल्यासारखी झाली आहे.

कुशाबाला बोलावलं. तो सातारचा, हातातलं काम टाकून आला. धुराकडे मान वर करून पाहत राहिला.

"शेट, काळा धूर असता तर म्या म्हणलो असतो, डिझेल नीट जळंना. ह्यो निळा हाय. वंगण जळतंय."

"वंगण कसं जळेल? ते खाली असतं ना?"

"पिस्टनच्या रिंगा ढिल्या झाल्या की वर चढतं. ते काय जळाया घातल्यालं नसतंय. अर्धं जळतं, अर्धं काजळीला चिकटून भाईर पडतं. म्हणून तर हात चिकाट होत्यात."

मी लगेच तेल मोजायची कांडी काढून त्याच्यासमोर धरली. वंगण जळत असेल तर कमी व्हायला हवं की नाही? दर सोमवारी मी डोळ्यांत तेल घालून बघतो, खुणेच्या खाली कधी जातच नाही. गिरणी पुन्हा सुरू केल्यापासून मी वरून थेंब घातलेला नाही. कुशाबाने कांडी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. बोटावर तेल घेऊन चोळलं. "जरा जाड वाटतंय," म्हणाला, "पर हाय तेवढंच हाय खरं." शेवटी डोकं खाजवत त्याने डिझेल फवारणारं नोझल साफ केलं आणि गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी वादात कुणाला हरवलं असेन. बरं वाटलं.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

बकुळा रात्री उठून बसते. उशी भिंतीला लावून तिला टेकून झोपते. मला जागा पाहून म्हणाली, "तुमचं इंजिन आणि मी, दोघंही थांबता थांबत नाही." मी हसलो नाही. ती अशा वेळी चेष्टा करते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

रविवार, १९ फेब्रुवारी

आज मोरीत तिचं थुंकणं पाहिलं. काळं. रक्त आहे की काय म्हणून मी वाकून वाकून बघत होतो. ती मागे येऊन उभी राहिली तेही कळलं नाही.

"काय बघताय?"

"काही नाही."

"क्षय आहे का ते बघताय."

तो शब्द तिने उच्चारला आणि मी आधी दार लावलं. या चाळीत तो शब्द कुणी मोठ्याने बोलत नाही. दोन मजले वर एक रघुवीर होता, माझ्याच नावाचा. त्याला झाला तर त्याच्या घरचं पाणी लोक पीत नव्हते. मी तिला म्हटलं, परळच्या दवाखान्यात जाऊ, फोटो काढून घेऊ छातीचा. ती हो म्हणाली. मग मीच उद्या, परवा करत बसलो. खरं काय ते इथे तरी लिहावं. फोटोत क्षय निघाला तर ती जाईल ही भीती, आणि त्याच वेळी मनात येतं, क्षयवाल्याच्या गिरणीत दळण कोण टाकील? हे दोन विचार एका डोक्यात कसे राहतात? माझी मलाच शिसारी येते.

संध्याकाळी आत्याजवळ रडलो. "आत्या, तुझ्या मारुतीला सांग. शनिवार चुकवू नकोस. जास्त तेल घाल."

तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "घालतंय मां रे. आता मोठी वाटी घालतंय. तू कशाक भियातंस?"

शनिवार, ३ मार्च

आज पुन्हा तळणाचा वास, आणि धूर इतका की गॅलरीतून पलीकडची चाळ दिसेना. शनिवार-रविवार कोण एवढं तळतं कळत नाही. मी लालबागहून डिझेलचे डबे घेऊन आलो तेव्हा आत्या नेहमीसारखी शेडमध्ये बसून धान्याच्या डब्यांवर लक्ष ठेवत होती. गेले कित्येक दिवस ती गल्लीच्या बाहेर पडलेली नाही, पोलिसांच्या गाडीची तिला धडकी भरली आहे. मारुतीचं तेल कुणाबरोबर पाठवते कोण जाणे. पण नेम पाळते खरी.

बकुळा जिन्याच्या मध्यावर बसते आणि मग उरलेला चढते.

बुधवार, १४ मार्च

दगडांना टाकी लावायला घेतली म्हणून गिरणी आठवडाभर बंद. जात्याचे दगड गुळगुळीत झाले होते, पीठ गरम पडत होतं. मला वाटलं होतं, बंद गिरणी पाहून जीव घाबरा होईल. उलट झालं. काल रात्री बकुळा झोपली. आडवी झोपली, सरळ, उशीशिवाय. मी तिच्या नाकाशी हात धरून बघत होतो तर तिने डोळे न उघडता म्हटलं, "जिवंत आहे. झोपा."

आज तिने भाकऱ्या केल्या. आत्या एकटक तिच्याकडे पाहत होती. "मारुतीन ऐकला," म्हणाली. मीही हात जोडले. आता शनिवारी उद्यापन करणार म्हणते, पुरा तांब्याभर तेल. मी म्हटलं, घाल आत्या, काही कमी करू नकोस. तीळतेल मीच आणून दिलं.

सोमवार, १९ मार्च

अक्षर लागेल तर लागेल.

सकाळी गिरणी सुरू करायची होती. आठवडाभराचं दळण साठलेलं, रांग पाण्याच्या नळापर्यंत गेलेली, त्या घाईत कांडी बघायची राहिली. इंजिन सुरू झालं, दोन डबे दळले, आणि मग त्याचा आवाज चढायला लागला. मी डिझेल कमी केलं. आवाज चढतच गेला. मी डिझेलचा कॉक बंद केला, पार बंद. इंजिन थांबेना. तोंडात घास नसताना ते आणखी जोरात पळायला लागलं. पट्टा फडफडत उडाला आणि पत्र्यावर आदळला. चाकं नुसती धूसर दिसत होती. खालचा काँक्रीटचा चौथरा हलतोय हे पायाला कळत होतं. बायका डबे टाकून पळाल्या.

धूर असा की पांढरा म्हणावा की निळा. शेड भरली, नळातून वर उसळला. कुणीतरी ओरडलं, चाळ पेटली. आणि मला आठवलं, नळाचं तोंड आमच्या खिडकीत आहे, बकुळा वर निजली आहे.

मी काय करायला हवं होतं? वर धावायला हवं होतं. मी धावलो नाही. कधीतरी कुशाबा बोलून गेला होता की इंजिनाला दोनच गोष्टी लागतात, खायला तेल आणि श्वासाला वारा. तेल मी तोडलं होतं. कोपऱ्यात ओलं गोणपाट पडलं होतं. ते मी इंजिनाच्या हवेच्या तोंडावर दाबलं आणि त्यावर अंग टाकलं. ते आतून असं ओढत होतं की हातही आत जाईल वाटलं. मग ते धडपडलं, ठसकलं, बंद झालं. अगदी बकुळासारखं ठसकलं.

वर पोचलो तेव्हा आत्या तिला ओढत गॅलरीच्या पुढच्या टोकाला घेऊन आली होती. जिना चढताना गुडघ्यांना शिव्या देणारी माझी आत्या. तिने बकुळाचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि सुपाने वारा घालत होती. बकुळाच्या नाकातोंडाला काळं लागलेलं. ओठ निळे. पण श्वास येत होता, फाटक्या भात्यासारखा, पण येत होता. मी खाली बसलो आणि मोठ्याने रडलो. चाळीने पाहिलं. पाहू दे.

आत्या मध्येच वारा घालायची थांबली. धुराकडे नाक करून तिने हुंगलं.

"रघू," म्हणाली, "ह्यो वास... तिळाच्या तेलाचो."

मी म्हटलं, कुणाकडे तरी तळण असेल. ती पुन्हा वारा घालायला लागली.

मंगळवार, २० मार्च

बकुळाला परळला दाखल केलं. उद्या फोटो.

कुशाबाने इंजिनाचं पोट रिकामं केलं. पातेल्यात काळं घट्ट तेल पडलं, खुणेपर्यंत असतं त्याच्या किती तरी वर. त्याने बोट बुडवलं, हुंगलं, आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेडा आहे.

"शेट, ह्यात गोडंतेल कुणी वतलं?"

मी म्हटलं, भलतंच काय बोलतोस. मग त्याने तेल भरायच्या तोंडाचं पितळी टोपण काढलं. आतल्या जाळीवर एक पान चिकटलं होतं, काळं पडलेलं, जाड. त्याने ते पुसलं. रुईचं पान. बाजूला काळे उडीद.

शेडमागे रुईचं झाड आहे.

मी गोणपाटावर बसलो. कुशाबा सांगत होता, खायच्या तेलाने चिकटा धरतो, रिंगा जागच्या जागी चिकटतात, मग तेल वर चढतं आणि धूर होतो. जेवढं जळत होतं तेवढं कुणीतरी भरत होतं, म्हणून कांडी हलत नव्हती. शनिवारी भरलं ते मावेना, म्हणून इंजिन स्वतःचंच वंगण पीत सुटलं. तो सगळं समजावत होता. मला एकच ऐकू येत होतं. जास्त तेल घाल. कमी करू नकोस. हे मीच म्हटलं होतं. बकुळा जितकी खोकत होती तितकी वाटी मोठी होत होती, आणि वाटी मोठी झाली की ती आणखी खोकत होती.

कुशाबाला म्हटलं, कुणाला सांगू नकोस. तो पान खिशात घालून म्हणाला, "म्या काय पायलंच न्हाय."

गुरुवार, २२ मार्च

क्षय नाही. डॉक्टरने फोटो उजेडात धरला आणि दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. छाती सुजली आहे, तेलकट काजळी आत बसली आहे. ती कोरड्या धुळीसारखी सहज खोकून निघत नाही, म्हणाला. वेळ लागेल. त्या खिडकीत पुन्हा ठेवू नका.

जीव भांड्यात पडला, आणि लगेच दुसरी भीती. आत्याला काय सांगू?

बकुळाला सगळं सांगितलं. मला वाटलं रागावेल. "किती मनापासून घालत असतील हो," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "त्यांना सांगू नका. त्या अन्न सोडतील."

सोमवार, २६ मार्च

आत्याला सांगितलं की रिंगा झिजल्या होत्या, म्हणून झालं. ते काही पुरतं खोटं नाही. तेलाच्या टोपणाला कुलूप लावलं, चोर फार झालेत म्हणून. तिने कुलपाकडे पाहिलं आणि मान हलवली. पटलं बहुतेक. नव्या रिंगा घातल्या. धुराचा नळ छपराच्या वर नेला. आता सुरू करताना थोडा काळा धूर येतो, मग दिसेनासा होतो. शनिवारी तळणाचा वास आला नाही.

शनिवार, १४ एप्रिल

बकुळा घरी येऊन आठवडा झाला. पाडवा साधाच केला.

आत्याचं काहीतरी बिनसलं आहे. देवापुढचा दिवा ती आता तुपाचा लावते. भाकरी कोरडी खाते, फोडणीची भाजी बाजूला सारते. तिचे केस कायम चोपून बसवलेले असायचे, आता कापसासारखे पिंजारलेत. मला वाटलं, वयाने विसरत असेल. तेलाची बाटली तिच्यापुढे ठेवून म्हटलं, "आत्या, आज शनिवार. नाक्यावर जायचं ना मारुतीला? मी येतो बरोबर."

ती बाटलीपासून मागे सरली. शैलाबाई बकुळापासून सरल्या होत्या तशीच.

"नको," म्हणाली. "माझ्या हातचा त्याल आता कोणाक नको."

तिला कधीपासून माहीत आहे? धुरात हुंगलं तेव्हापासून? आणि मी कुलपं लावत बसलो होतो. नेहमीसारखाच मी नुसता उभा राहिलो.

बकुळा आतून आली. तिने बाटली उचलली, वाटीत तेल ओतलं, वाटी आत्याच्या हातात दिली आणि तिच्याकडे पाठ करून खाली बसली. अंबाडा सोडला.

"आत्या, माझ्या डोक्याला तेल लावा. दवाखान्यात केसांच्या जटा झाल्यात."

"शनवारी?"

"शनिवारीच."

आत्या बराच वेळ वाटी धरून बसली. मग तिने बोटं बुडवली आणि बकुळाच्या भांगावर ठेवली. हळूहळू चोळायला लागली.

मध्येच बकुळाला खोकला आला. एकदाच. आत्याचा हात तिथेच थांबला. मी दारात श्वास धरून उभा. बकुळाही हलली नाही. तिघंही दुसऱ्या खोकल्याची वाट पाहत होतो.

तो आला नाही. मग आत्याचा हात पुन्हा केसांतून फिरायला लागला.